काठोकाठ आशा

इंग्लंडात वाढलेल्या एका पंजाबी तरुणाने आपल्या सांगलीच्या लेकीवर इंग्रजीत एक गाणे रचले. प्रथम ते फारसे कुणी ऐकले नाही. मग एका इंग्रज गृहस्थाने त्या गाण्याला नवा ढोल बांधला, त्याला पळायला लावले, आणि सुमारे सहा महिन्यांत ते त्या देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. हकीकत एवढीच, आणि ती घडूनही आता पंचवीस वर्षांवर काळ लोटला. तरी ह्या दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, वाचकांनी तिच्याकडे थोडे लक्ष द्यावे असे मला वाटते. कारण ते मूळ गाणे आणि त्याचे ते धावते रूप ह्यांच्यात जो तंटा आहे तो आपल्या घरातलाच आहे. शाळेत मास्तरकी करीत असल्यामुळे तो दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास माझ्या टेबलावर येऊन पडतो. पेन ड्राइव्ह हातात घेऊन उभी असलेली सातवीतली मुले सांगतात, "सर, ओरिजिनल नको. त्यावर नाचता येत नाही." मुले खोटे बोलत नाहीत. मूळ गाण्यावर पुष्कळदा खरोखरच नाचता येत नाही. पण नाचता येत नाही म्हणून ते अपुरे ठरते काय, हा प्रश्न मुलांनी विचारलेला नसतो. तो आपणच विचारायचा.

गाण्याचे नाव 'ब्रिमफुल ऑफ आशा'. मराठीत सांगायचे तर 'काठोकाठ आशा'. रचणारा आणि गाणारा तजिंदर सिंग. त्याच्या वाद्यवृंदाचे नाव 'कॉर्नरशॉप', म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. आपल्याकडून तिकडे गेलेला माणूस म्हणजे कोपऱ्यावर दुकान थाटून रात्री उशिरापर्यंत दूध नि वर्तमानपत्रे विकणारा, अशी तिथल्या पुष्कळ गोऱ्या लोकांची समजूत. ते हिणवणे उचलून ह्या मंडळींनी 1991 साली आपल्याच दारावर पाटी म्हणून लावले. तजिंदरचा जन्म 1968 सालचा, वुल्वरहॅम्प्टनचा. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्या गावचे एक खासदार ईनॉक पॉवेल ह्यांनी, बाहेरून येणाऱ्या काळ्यासावळ्या लोकांविरुद्ध, बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केले. पोर पाळण्यात असताना गावची हवा ही अशी. अशा गावात पंजाबी घराने संध्याकाळी पडदे ओढून घेतले की आत एक वेगळा देश सुरू होई. त्या देशाची सामग्री ती काय? एक रेडिओ, थोड्या ध्वनिमुद्रिका, आणि रविवारी भाड्याने घेतलेल्या थिएटरात लागणारा हिंदी चित्रपट. 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे त्या आतल्या देशाचे गाणे आहे.

गाण्याच्या धृपदात पंचेचाळीस हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. हल्लीच्या मुलांना तो पाढ्यातला वाटेल. ज्यांच्या घरी तबकडीचे यंत्र होते त्यांना मात्र तो लगेच कळेल. जुनी जाड, पडली की फुटणारी रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घेई. मोठी लाँग प्ले 33 फेरे आणि वर तिसरा हिस्सा. आणि मधली, सात इंच व्यासाची छोटी तबकडी 45. आपल्याकडे हिंदी चित्रपटातील गाणी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून अशा छोट्या तबकड्यांवर निघत. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. मधोमध कागदाची गोल चिठ्ठी, आणि तिच्यावर चित्रपटाचे, संगीतकाराचे, गाणाऱ्याचे नाव. यंत्र सुरू झाले की ती अक्षरे गरगर फिरू लागत आणि वाचता येईनाशी होत. म्हणून आम्ही पोरे सुई टेकवण्यापूर्वीच नावे वाचून ठेवीत असू. 'पंचेचाळीसवर काठोकाठ आशा' ह्याचा अर्थ एवढाच: त्या सात इंचांच्या तबकडीत आशा भोसले काठोकाठ भरली आहे. आणि आशा ह्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला कोणी सांगायला नको. इंग्रज श्रोत्याला मात्र तो सांगावाच लागतो. त्याच्या कानी ते एक गोड, परके नाव आहे. आपल्या कानी ते नाव आणि गोष्ट दोन्ही आहे. गाण्याचा अर्धा जीव ह्या श्लेषात आहे, आणि ज्या बाजारासाठी ते इंग्रजीत रचले त्या बाजाराला तो अर्धा जीव दिसतच नाही. कवीने हे जाणून केले असावे. घरच्यांना कळेल तेवढे घरच्यांसाठी ठेवून द्यावे, ही परदेशात राहणाऱ्यांची जुनी रीत आहे.

शब्द मी येथे उतरवीत नाही, पण आशय सांगतो. चित्रपटातल्या दृश्याच्या मागे एक बाई नाचते आहे. ती पडद्यावर नाही, पडद्यामागे आहे. स्वप्न जिवंत ठेवणारी तीच. तिला कवी पंजाबीत 'आमची राणी' म्हणतो. मध्येच सरकारच्या सूचना, साधेपणाचा उपदेश, कुठे कुठे बांधली जाणारी धरणे ह्यांचा उल्लेख येतो आणि गाणे त्यांच्याकडे मान फिरवून पुढे जाते. मग धृपद: माणसाला डोके टेकायला कुणाची तरी कूस हवी, माझी ती कूस पंचेचाळीसच्या तबकडीवर आहे. एवढेच. नंतर मात्र एक विलक्षण गोष्ट येते. कवी नावे घेऊ लागतो. महंमद रफी, लता मंगेशकर, एका जातीचा रेडिओ, दुसऱ्या जातीचा ग्रामोफोन, फ्रान्समधला एक गायक, जमैकाची गाणी विकणारी 'ट्रोजन' ही कंपनी, आणि चक्क आपले ऑल इंडिया रेडिओ. सहस्रनामाची ती एक छोटी आवृत्तीच म्हणा ना. देवघरात बसून आजीने नावे घ्यावीत तशी तो घेतो, न चढता, न उतरता.

आता ह्यात टीकाकाराने पाहण्यासारखी गोष्ट कोणती? माझ्या मते ती पार्श्वगायनाची. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की त्यातले नवल वाटेनासे झाले आहे. ओठ एकीचे, गळा दुसरीचा. पडद्यावरची बाई सगळ्यांना दिसते. पडद्यामागची, माइकसमोर उभी राहून अख्खा जीव ओतणारी बाई दिसत नाही. 1949 साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गाणारीचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गळा लताबाईंचा होता. पात्राला नाव मिळाले, माणसाला मिळाले नाही! तबकडीवरच्या त्या गोल चिठ्ठीवर स्वतःचे नाव येण्यासाठी ह्या बायकांना काय सोसावे लागले ह्याची कल्पना एवढ्या एका गोष्टीवरून यावी. आणि चाळीस-पन्नास वर्षांनी, हजारो मैलांवर, एक तरुण असे गाणे करतो की ज्याचा विषयच ती चिठ्ठी आहे. नटीचे नाव त्यात नाही. नायकाचे नाही. मागे उभ्या राहिलेल्यांची नावे आहेत.

त्यातही त्याने निवड केली ती आशाबाईंची. लताबाई यादीत येतात, पण शीर्षक आशाबाईंना. ही निवड मला फार बोलकी वाटते. 1943 साली, दहा वर्षांच्या वयात, दत्ता डावजेकरांच्या संगीतात 'माझं बाळ' ह्या मराठी चित्रपटासाठी त्या प्रथम गायिल्या. पुढे हिंदीत आल्यावर घरातल्याच मोठ्या बहिणीच्या आवाजाने नायिकेचे सिंहासन व्यापले होते. उरलेले आशाबाईंच्या वाट्याला आले: खलनायिका, क्लबातली नाचणारी, उडती, खट्याळ, जरा बदनाम गाणी. ओ. पी. नय्यर ह्यांनी 1957 च्या 'नया दौर'मध्ये त्यांना नायिकेची गाणी दिली, पुढे राहुलदेव बर्मन ह्यांनी त्यांच्या आवाजातले सगळे रंग बाहेर काढले. पण मागच्या बाकावरून पुढे आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जी एक खूण राहते ती त्यांच्या गाण्यावर राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराला हीच राणी आपली वाटावी ह्यात आश्चर्य नाही.

गंमत अशी की ह्या गाण्यात आशाबाईंचा आवाज कुठेच नाही. एक स्वर नाही. त्यांचे नाव आहे, आणि नावाभोवती तजिंदरचा स्वतःचा, सपाट, किंचित झोपाळू आवाज आहे. आपल्या कानांना प्रथम हे गाणेच वाटणार नाही. ना आलाप, ना तान, ना सुराला गोलाई. गिटारीवर दोनतीन स्वरसमूह पुन्हा पुन्हा घासले जातात, ठेका बैलगाडीच्या चाकासारखा चालतो, आणि हा माणूस त्यावर बोलल्यासारखे गातो. अंमळ लांबलेही आहे ते. शेवटी शेवटी नुसतेच फिरत राहते. तथापि चारदा ऐकल्यावर ह्या फिरण्याची खुमारी कळू लागते. तबकडी अशीच फिरते. दुपारी बाजेवर पडून रेडिओ ऐकणाऱ्या माणसाचा श्वास असाच चालतो. हे गायकाचे गाणे नाही, ऐकणाऱ्याचे आहे. श्रोत्याने गायिकेविषयी गायिलेले गाणे आपल्याकडे किती आहेत? गायिकेने श्रोत्यासाठी गायिलेली लाखो आहेत.

हे गाणे ऑगस्ट 1997 मध्ये बाहेर पडले आणि इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत 60 व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबले. थांबले म्हणजे मेले नव्हे. बीबीसीवर जॉन पील नावाचे एक निवेदक होते. आडवाटेची गाणी लावण्यात त्यांची हयात गेली. वर्षअखेरीस ते आपल्या श्रोत्यांची मते मागवून पन्नास गाण्यांची यादी लावीत. 1997 च्या त्या यादीत हे गाणे पहिले आले. म्हणजे रसिकांनी त्याला आधीच ओळखले होते. ओळखले नव्हते ते बाजाराने.

येथे नॉर्मन कुक प्रवेश करतात. ऐंशीच्या दशकात 'हाऊसमार्टिन्स' ह्या वाद्यवृंदात ते बास गिटार वाजवीत. नंतर तबकड्या फिरवून लोकांना नाचवण्याच्या धंद्यात शिरले आणि 'फॅटबॉय स्लिम' ह्या नावाने जगभर गाजले. (ह्या नावाचे मराठी करण्याचा मोह मी आवरतो.) त्यांनी तजिंदरचे गाणे घेतले आणि त्याचा रीमिक्स केला. रीमिक्सला कोणी 'पुनर्मिश्रण' म्हणतात, पण तो शब्द औषधाच्या बाटलीवर शोभेल. प्रकार समजायला सोपा आहे. ध्वनिमुद्रणात आवाज, गिटार, ढोल अशा वेगवेगळ्या पट्ट्या असतात; त्या सोडवायच्या, काही ठेवायच्या, काही टाकायच्या, काहींच्या जागी नव्या घालायच्या, आणि पुन्हा विणायच्या. ही कला पुष्कळ अंशी जमैकातून आली. किंगस्टनला किंग टबी नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता; त्याने आणि त्याच्यासारख्या मंडळींनी साठीच्या अखेरीस नि सत्तरीत गाण्यातला गळा काढून घेऊन खालचा खर्ज नि ठेका तेवढा ठेवायला, मध्येच गळ्याचा एखादा तुकडा प्रतिध्वनीसारखा सोडायला सुरुवात केली. पुढे न्यूयॉर्कला टॉम मोल्टन ह्यांनी नाचघरांसाठी गाणी लांबवली. तजिंदरने आपल्या नामावळीत 'ट्रोजन' कंपनी घातली आहे ती ह्याच जमैकाची गाणी इंग्लंडात आणणारी. म्हणजे ज्या घराण्याला त्याने नमस्कार केला, त्याच घराण्याचा एक नातू त्याच्या दाराशी आला.

कुकने काय केले? गाणे वेगाने पळवले. वेग वाढला तसा सूरही वर चढला. 33 ची तबकडी चुकून 45 वर लावली की गाणाराचा गळा बारीक होतो, तसे थोडेसे. ढोल मोठा झाला. गिटारीची ती आळसावलेली घासणी आता उड्या मारू लागली. धृपदाचे तुकडे तोडून ते पुन्हा पुन्हा फेकले गेले. फेब्रुवारी 1998 मध्ये हे रूप बाजारात आले आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेले. त्या आधीच्या आठवड्यात त्या जागी 'टायटॅनिक' चित्रपटातले सेलीन डीऑनचे गाणे होते, आणि पुढच्या आठवड्यात मॅडोना आली. मध्ये एक आठवडा, फक्त एकच आठवडा, सगळा इंग्लंड देश आशा, आशा करीत नाचत होता. वुल्वरहॅम्प्टनही त्यात आलेच.

ह्या आठवड्याला मी कमी लेखणार नाही. मूळ गाणे ऐकताना मनात एक माणूस दिसतो. रीमिक्स ऐकताना हजार माणसे दिसतात. खऱ्या अर्थाने काठोकाठ हे दुसरेच रूप आहे. त्यात एक निखळ, लहान मुलांसारखा आनंद आहे, आणि तो आनंद खोटा नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. धृपद काय मागते? डोके टेकायला कूस. त्या वेगात डोके टेकणार कुठे? पळणाऱ्या गाडीच्या टपावर उशी मांडल्यासारखे ते होते. मूळ गाण्यात थकवा आहे म्हणून दिलासा आहे. रीमिक्समध्ये थकवाच उरत नाही, तेव्हा दिलाशाची गरज उरत नाही, आणि मग ते शब्द नुसते तोंडात खेळवायला गोड असे उरतात. नाच म्हणून रीमिक्स श्रेष्ठ. गाणे म्हणून मूळ श्रेष्ठ. दोन्ही एकाच मापाने मोजणाऱ्याला दोन्ही हुकतील.

आपल्याला तर हा भेद शिकवायला नको. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी आपण शेकडो वर्षे जवळ जवळ नांदवली. बैठकीत तीच लावणी बसून, ओळ घोळवून, एका शब्दावर दहा अदा करून सांगायची. फडात ढोलकी कडाडली की पायांनी बोलायचे. फडाने बैठकीला मारले असे कोणी म्हणत नाही. ख्यालातही विलंबित झाल्यावर द्रुत येतेच. पण द्रुत विलंबितानंतर येते, हे विसरू नये. सुरुवातच द्रुताने करून मैफल उठली तर घरी काय घेऊन जाल?

संगीत नाटकांची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' रचले त्यात दुसऱ्यांच्या किती चाली घेतल्या! लावणीच्या, कानडी पदांच्या, साक्या नि दिंड्यांच्या. 1916 च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या चिजा नाट्यपदांच्या अंगावर चढवल्या. आजच्या भाषेत हे सगळे रीमिक्सच. पण ही नाटके ज्यांनी पुस्तकात वाचली आहेत त्यांना आठवेल, पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असे: 'चाल', आणि पुढे मूळ पदाचे किंवा चिजेचे तोंड. कोणाकडून घेतले ते सांगून मग गायचे. अशा एका ओळीने घेणाराचे काही कमी होत नव्हते, आणि मूळ धन्याचे नाव घराघरांत जात होते.

माझा खरा मुद्दा ह्या बारीक अक्षरांतल्या ओळीचा आहे. न्यायाने सांगायचे तर नॉर्मन कुक ह्यांनी चोरी केली नाही. तबकडीवर 'कॉर्नरशॉप' असेच छापले होते. कुकचे नाव रीमिक्स करणारा म्हणून, कंसात. चिठ्ठी प्रामाणिक होती. पण लोकांच्या जिभेला चिठ्ठी वाचण्याची सवय नसते. आज हे गाणे पुष्कळांच्या तोंडी 'फॅटबॉय स्लिमचे ते आशाचे गाणे' म्हणून आहे. पडद्यामागे उभ्या राहणाऱ्या बाईला पुढे आणण्यासाठी ज्याने गाणे रचले, तो स्वतःच पडद्यामागे गेला! दैवाने एवढी चोख उलटी फिरवलेली गोष्ट मला एखाद्या कादंबरीत घालता आली असती तर मी ती घातली नसती. वाचक म्हणाले असते, फारच जुळवून आणले आहे.

नॉर्मन कुक ह्यांच्या दुसऱ्या एका अतिप्रसिद्ध गाण्यातही असेच आहे. 'प्रेज यू' ह्या, 1999 साली पहिल्या क्रमांकावर गेलेल्या, गाण्यातला तो खोल, भारावलेला स्त्रीस्वर कॅमिल यारब्रो ह्या कृष्णवर्णी गायिकेचा. तिने तो 1975 सालच्या आपल्या गाण्यात लावला होता. रचनाकारांत तिचे नाव दिले गेले, हे नमूद केलेच पाहिजे. पण नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

माझ्या एका कादंबरीवरून काही हौशी मंडळींनी एकांकिका बसवली होती. प्रयोग चांगला झाला. कादंबरीतला संथ भाग त्यांनी साफ उडवला आणि एक भांडण फार झकास रंगवले. नंतर चहाच्या वेळी एका गृहस्थाने आस्थेने मला विचारले, "ह्यावर पुस्तकसुद्धा निघाले आहे म्हणे. तुम्ही वाचले का?" मी हो म्हणालो.

आपल्या देशात हे प्रकरण विनोदावर थांबले नाही. 2002 साली 'काँटा लगा'चा रीमिक्स आला. मूळ गाणे 1972 च्या 'समाधी' चित्रपटातले, संगीत राहुलदेव बर्मन ह्यांचे, गळा लताबाईंचा. रीमिक्समध्ये गळाही बदलला आणि दृश्यही. ते चित्र देशभर गाजले. त्यात दिसलेल्या शेफाली जरीवाला ह्यांना त्यांच्या अखेरपर्यंत, 2025 पर्यंत, लोक त्याच गाण्याच्या नावाने ओळखत राहिले. पण त्या रीमिक्समध्ये गायले कोण, हे दहा माणसांना विचारून पाहा. दिसणारी लक्षात राहिली, गाणारी पुन्हा मागेच. लताबाईंना ही रीमिक्सची लाट मुळीच रुचली नाही आणि तसे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले. आशाबाईंचा स्वभाव निराळा. नव्वदीत त्यांनी स्वतःच, आपल्याच गळ्याने, बर्मन ह्यांची गाणी नव्या ठेक्यात बांधून दिली. दुसऱ्याने आपले घर रंगवण्यापेक्षा आपणच रंगवावे, असा काहीसा तो हिशेब असावा.

कायदाही ह्यात पडला. 1957 च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार मूळ ध्वनिमुद्रण निघालेल्या वर्षानंतर पाच वर्षे लोटल्यावाचून कोणाला परस्पर त्याची नवी आवृत्ती काढता येत नाही, आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. हे ठीकच. पण त्याच कलमात पुढे असे आहे की, गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून, त्या वेष्टनावर मूळ गाणाराचे नाव वा चित्र घालू नये. ज्या चित्रपटात ते होते त्याचेही नाही. हेतू चांगला: लताबाईंचे नाव वापरून दुसऱ्याच गळ्याची तबकडी खपवता येऊ नये. पण परिणाम पाहा. किर्लोस्करांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर जे सन्मानाने छापत, ते आज वेष्टनावर छापणे निषिद्ध. लबाडाला अडवायला लावलेल्या कुलपात प्रामाणिक माणसाचीही वाट अडली. 'अमक्या गाण्यावरून, मूळ गायिका अमकी' एवढी बारीक अक्षरांतली ओळ छापण्याची मुभा, नव्हे सक्ती, त्या कलमात असायला हवी होती, असे माझ्या मास्तरी बुद्धीला वाटते.

तजिंदरची बाजू मांडताना त्याच्या दुसऱ्या करणीकडेही पाहावे. ज्या संग्रहात 'ब्रिमफुल ऑफ आशा' आहे, त्याच 1997 च्या संग्रहात त्याने बीटल्सचे 'नॉर्वेजियन वुड' हे 1965 सालचे गाणे पंजाबीत गायिले आहे. ह्याच गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार हाती धरली होती. आपली सतार त्यांनी घेतली, ह्याने ती शब्दांसकट पंजाबीत परत आणली! तेव्हा दुसऱ्याचे गाणे बदलायचेच नाही असे हा माणूसही मानीत नाही. फरक पाहा: पंजाबी 'नॉर्वेजियन वुड' ऐकणाऱ्या कोणालाही मूळ कोणाचे हे सांगावे लागत नाही. बीटल्सना पडद्यामागे ढकलण्याचे बळ कोणातच नाही. रीमिक्स कोणाला गिळतो, तर ज्याचे नाव आधीच अर्धवट ऐकू आलेले असते त्याला. कोपऱ्यावरच्या दुकानाला.

वेग नि सूर ह्यांविषयी एक शेवटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1981 च्या 'उमराव जान'साठी खय्यामसाहेबांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले. त्या आधी बिचकल्या, असे सांगतात. पण सूर खाली आला आणि आवाजात अशी काही सावली उतरली की ती गाणी ऐकताना आजही घरातले बोलणे थांबते. एकाने गायिकेचा सूर उतरवून तिला खोल केले. दुसऱ्याने तिच्या भक्ताचा सूर चढवून त्याला हलके केले. दोघांनीही मूळ वस्तूत बदलच केला. बदल ही वाईट गोष्ट नाही, पण तो वर नेतो की आत नेतो हे कान देऊन ऐकावे.

ज्यांना ही दोन्ही रूपे ऐकायची आहेत त्यांनी कृपा करून मूळ आधी ऐकावे, आणि दिवाळीच्या गडबडीत नव्हे, भाऊबीज आटोपल्यावर एखाद्या रिकाम्या दुपारी. रीमिक्सला गडबड चालते. आणि मग तिसरी एक तबकडी आवर्जून मिळवावी. 2005 साली अमेरिकेतल्या 'क्रोनोस क्वार्टेट' ह्या चार तंतुवादकांच्या मंडळीने राहुलदेव बर्मन ह्यांची गाणी नव्याने बांधली. तबल्यावर झाकीर हुसेन होते. गायला स्वतः आशाबाई होत्या, वय सत्तरीपलीकडे गेलेले. गाणी जुनी, बांधणी नवी. तरुणपणचा तो चपळ गळा तेथे नाही. काही जागी श्वास ऐकू येतो, आणि काही जागी त्या पूर्वी जेथून उडी मारीत तेथून आता पायऱ्या उतरून येतात. वेष्टनावर वादकांच्या नावाशेजारी 'आशा भोसले' असे छापले आहे, आणि खाली गाणी आर. डी. बर्मन ह्यांची असल्याचे, संग्रहाच्या नावातच घालून, सांगितले आहे.